वाचक विचारतात : सर्व्हरची चर्चा चारचौघांत करावी का?

प्रश्न : आमच्या वाचनालयाचा सर्व्हर काही स्वयंसेवक मिळून सांभाळतात. कामाची चर्चा सर्व सभासदांना वाचता यावी, असं काहींचं म्हणणं. बाकीचे म्हणतात, चोराच्या हाती घराचा नकाशा कशाला द्यायचा?

उत्तर : नकाशा खुशाल द्या, किल्ल्या देऊ नका. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या सर्व्हरची मांडणी ठरवणाऱ्या, पपेट या साधनाच्या फाइली कुणालाही वाचता येतात, रोज कोणी काय बदललं याची नोंदवहीही उघडी असते. पासवर्ड आणि खासगी की (किल्लीचं काम करणाऱ्या गुप्त फाइली) मात्र वेगळ्या, बंद भांडारात असतात. तुम्हीही सुरुवातीपासून अशीच दोन भांडारं करा. नंतर वेगळं करायला गेलात तर काहीतरी मागे राहतंच.

मांडणी लपवून फारसं हाती लागत नाही. कुठले पोर्ट, म्हणजे सर्व्हरची बाहेरून जोडायची दारं, उघडे आहेत ते स्कॅनरला काही मिनिटांत कळतं. सबडोमेनसाठी (साइटच्या पत्त्याखालच्या उपपत्त्यासाठी) स्वतंत्र टीएलएस प्रमाणपत्र, म्हणजे सुरक्षित जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र, घेतलं की त्या सबडोमेनचं नाव सार्वजनिक नोंदींत जातंच. दुरून सर्व्हरवर काम करायच्या एसएसएच या सोयीचं पासवर्डने होणारं लॉगिन बंद करून फक्त की ठेवलीत, तर यंत्राचं नाव कळूनही की नसलेल्याला त्या वाटेने आत येता येत नाही.

खरी गळती होते ती मदत मागताना. टर्मिनलवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला जातो आणि त्यात डेटाबेसच्या जोडणीच्या ओळीतला पासवर्ड असतो. वेब-विनंत्या पाठवणाऱ्या कर्ल या आज्ञेचा सविस्तर आउटपुट दिलात तर टोकन (पासवर्डसारखाच गुप्त संकेत) असलेली हेडरची ओळही सोबत जाते. लॉगमध्ये सभासदांचे आयपी आणि ईमेल असतात. ते उघड करायचा हक्क तुम्हाला नाही. उदाहरणच द्यायचं असेल तर १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हे पत्ते त्यासाठीच राखून ठेवलेले आहेत. एसएसएचच्या की दोन फाइलींच्या जोडीत येतात. त्यातली ‘पब’ शेपटीची, म्हणजे सार्वजनिक, फाइल बिनधास्त द्या, दुसरी खासगी कुणालाच नाही, अगदी सहकाऱ्यालाही नाही. प्रत्येकाने आपली जोडी स्वतः बनवायची, म्हणजे कोणी काम सोडलं तर सर्व्हरवरच्या कींच्या यादीतली त्याची एकच ओळ काढून भागतं.

प्रश्न : पासवर्ड चुकून सार्वजनिक गिटमध्ये (फाइलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या भांडारात) गेला. पुढच्याच कमिटमध्ये, म्हणजे पुढच्याच नोंदवलेल्या बदलात, काढला. चालेल ना?

उत्तर : नाही. जुन्या कमिटमध्ये तो तसाच आहे, शिवाय कुणी फोर्क किंवा क्लोन करून भांडाराची प्रत घेतली असेल तर तिथेही. आधी पासवर्ड बदला. मग तो उघडा असलेल्या काळातल्या लॉगिनच्या नोंदी तपासा. इतिहास साफ करायचं काम सर्वांत शेवटी, गिट-फिल्टर-रेपो या साधनाने. बरेच जण नेमकं उलट करतात आणि साफसफाई होईपर्यंत जुना पासवर्ड चालूच राहतो. पुढच्या खेपेसाठी पासवर्ड शोधून काढणारं गिटलीक्स हे साधन प्री-कमिट हुकमध्ये, म्हणजे कमिट होण्याआधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत, बसवा.

प्रश्न : सुरक्षेतली त्रुटी सापडली तर तीही सर्वांसमोर मांडायची?

उत्तर : दुरुस्ती होईपर्यंत नाही, आणि गुप्ततेची मुदत पहिल्याच दिवशी ठरवा. लिनक्स वितरणांच्या (लिनक्सच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्यांच्या) सुरक्षा पथकांच्या बंद ईमेल-यादीत त्रुटी जास्तीत जास्त १४ दिवस असते. एका सर्व्हरला त्याहून कमी पुरेल. मुदत नसली की ‘सध्या गुप्त’ वर्षभर रेंगाळतं. दुरुस्तीनंतर काय झालं, कशामुळे झालं ते पूर्ण लिहा. बाहेरच्या माणसाला त्रुटी कळवता यावी म्हणून साइटच्या ‘डॉट वेल-नोन’ फोल्डरमध्ये सिक्युरिटी डॉट टीएक्सटी ही संपर्काची फाइल ठेवा. त्यात एका व्यक्तीचा नव्हे, दोघातिघांना पोहोचणारा ईमेल द्या आणि त्या फाइलची मुदत संपायची तारीख घाला; ती बंधनकारक आहे.