निधी खर्च झाला, पुढे काय?

मुंबई

प्रिय मित्रा,

मंत्रालयात बसून गावाकडच्या पाण्याच्या योजना तपासायचं काम आता तुझ्याकडे आलंय. फाइल उघडलीस की आधी दिसेल ‘निधी १०० टक्के खर्च’. पैसे गेले, एवढंच त्यातून कळतं. जलयुक्त शिवारवर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाले, तरी भूजल पातळीवर फारसा फरक नाही, असं ‘कॅग’च्या अहवालाने २०२० मध्ये म्हटलं. तेव्हा रक्कम कामांच्या संख्येने भागू नकोस, गरजेच्या दिवसांत हाती आलेल्या पाण्याने भाग.

शेततळं घे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंना एकास एक उतार. तळ २४ बाय २४ उरतो आणि पाणी मावतं २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. खडक लागला म्हणून खोदाई २ मीटरवर थांबली, तर मावतं फक्त १,५७१. लांबी-रुंदी बरोबर, फोटो झकास, पाणी मात्र २८ टक्के कमी! म्हणून मोजमाप पुस्तकात खोली किती ठिकाणी घेतलीय ते बघ. एकाच जागची असेल तर बिल अडव. तळं कशाने भरलं हेही विचार. प्लॅस्टिक अंथरून विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून भरलं असेल, तर गावाच्या पाण्यात थेंबाची भर पडली नाही. उलट उन्हाने उडून गेलं ते वेगळंच.

कोल्हापुरी बंधाऱ्याचा जीव बरग्यांत, म्हणजे पाणी अडवायला त्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्यांत. पावसाळा सरताना, नाला वाहता असतानाच ते बसवायचे आणि पुढच्या पावसाआधी काढायचे. बसवायला उशीर झाला की अडवायला पाणीच नसतं. रबरी सील झिजलं की झिरपत झिरपत दिवाळीनंतर बंधारा रिकामा, आणि लोखंडी बरगे भंगारात जातात. दुरुस्तीचा खर्च बांधकामाच्या मानाने किरकोळ, पण अंदाजपत्रकात त्याचा रकानाच नसतो. नसेल तर तसा शेरा मार.

नळयोजनेत जोडण्या मोजणं सगळ्यांना आवडतं. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा, म्हणजे हजार वस्तीला ५५,००० लिटर. टाकीची क्षमता आणि ती दिवसातून किती वेळा भरते, एवढ्यावरून खरंखोटं कळतं. बहुतेकदा घोडं अडतं ते थकलेल्या वीजबिलापाशी, नाहीतर मोटार जळून महिनाभर पडून राहण्यापाशी.

मे महिन्यात एकदा कसारा लोकलने आसनगावला उतर. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा-तानसाच्या या शहापूर तालुक्यातच उन्हाळ्यात टँकर फिरतात. योजना पूर्ण झालेल्या गावांच्या टँकर खेपा तहसीलच्या नोंदीतून काढ, आदल्या वर्षांच्या खेपांशी ताडून बघ. पाऊस कमी-जास्त झाला असेल तर तेही धर, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय योजनेला जाईल. मग टाकीपाशी जा आणि त्या दिवसाचं मीटर रीडिंग फाइलला लाव.