भिंतीलगतच्या वाफ्यातील भाजी कितपत सुरक्षित?

प्रश्न : ठाण्यात मोठ्या रस्त्यालगत आमची १९७८ सालची सोसायटी आहे. इमारतीच्या भिंतीलगत वाफे करून आम्ही पालक, मेथी, मुळा आणि टोमॅटो लावतो. मातीची तपासणी केली, अहवाल चांगला आला; तरीही वाहनांच्या धुरामुळे ही भाजी खाऊ नये, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : धुराची शंका रास्त आहे, परंतु मला अधिक काळजी वाटते ती भिंतीलगतच्या मातीची. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. आपली इमारत त्याच्या कितीतरी आधीची आहे. दर रंगकामाच्या वेळी जुना रंग खरवडला जातो, त्याचे पोपडे खाली वाफ्यात पडतात, आणि त्यांतले शिसे कुजत नाही की पावसाने सहसा खोल झिरपतही नाही; ते वरच्या थरातच मातीच्या कणांना धरून वर्षानुवर्षे राहते.

आपला अहवाल खोटा नाही, पण त्याचा विषय वेगळा आहे. नेहमीच्या मृदा तपासणीत सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता दाखवणारा आकडा), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये पाहतात. शिसे आणि कॅडमियम हे विषारी जड धातू पाहत नाहीत. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेकडून मुद्दाम मागून घ्यावी लागते. त्यासाठी भिंतीलगतच्या आणि भिंतीपासून दूरच्या मातीचे नमुने वेगवेगळे द्यावेत.

तोवर त्या वाफ्यांत मुळा आणि पालेभाज्या लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शिसे मुळांवाटे फळापर्यंत फारच थोडे पोहोचते. पोटात जाते ते प्रामुख्याने चिकटलेल्या मातीतून आणि धुळीतून. त्यामुळे टोमॅटो, वांगी, भेंडी, दुधी या फळभाज्या तुलनेने सुरक्षित असतात, तर पालकाच्या पानांच्या सुरकुत्यांत आणि मुळांसकट उपटलेल्या मेथीच्या जुडीत माती हमखास राहते. ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन बरीचशी निघते. मात्र कॅडमियम पानाच्या आतच शोषले जात असल्याने धुण्याचा त्यावर काहीच उपयोग होत नाही. पालेभाजी हवीच असेल, तर रस्त्याच्या विरुद्ध बाजूला, बाहेरून आणलेली स्वच्छ माती आणि गांडूळखत भरलेल्या मोठ्या कुंड्यांत लावावी. कोकणातील लाल माती बहुधा आम्लधर्मी असते आणि आम्लतेमुळे हे धातू पिकाला सहज उपलब्ध होतात; म्हणून तपासणीनंतर गरजेपुरता चुना घालून सामू साडेसहा ते सातच्या दरम्यान आणावा आणि भरपूर कंपोस्ट मिसळावे.

लहान मुले वाफ्यांत खेळत असतील, तर भाजीपेक्षाही त्यांच्या हातांची काळजी आधी घ्या, कारण मातीचे हात तोंडात जातात आणि मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. उघडी माती पालापाचोळ्याने झाकून ठेवावी, आणि पुढच्या रंगकामाच्या वेळी वाफ्यांवर ताडपत्री अंथरून, भिंत ओली करूनच खरवडण्याची अट कंत्राटदाराला लेखी घालावी.