बाबा गेले, आणि आता मला मरायचंच नाही

प्रश्न : ताई, माझं वय 41. गेल्या वर्षी बाबा गेले, अवघ्या 63व्या वर्षी. तेव्हापासून मी रात्र रात्र आयुष्य वाढवण्याच्या संशोधनाबद्दल वाचत बसते. मला मरायचंच नाही. नवरा म्हणतो, तू घरात असूनही नसतेस. दहा वर्षांची लेक हल्ली माझ्याजवळ येईनाशी झालीय. कायम जगावंसं वाटणं चूक आहे का?

उत्तर : मुळीच नाही. आणि मरणामुळेच जगण्याला अर्थ येतो, हेही मी तुम्हाला सांगणार नाही. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय त्याला असलं तत्त्वज्ञान ऐकवू नये, या मताची मी आहे. बाबांना आणखी वीस वर्षं मिळायला हवी होती. ती मिळाली नाहीत, हे वाईटच झालं.

पण तुमच्या लांबलचक पत्रात स्वतःच्या मरणाविषयी जेमतेम दोन ओळी आहेत, बाकी सगळे बाबाच आहेत. पुन्हा कुणी आपल्याला सोडून जाऊ नये, ही तुमची खरी मागणी दिसते. अमर माणसाला नेमकं तेच मिळत नाही. अश्वत्थामा म्हटलं की आपल्याला कपाळावरची भळभळती जखम आठवते. महाभारतातला मूळ शाप मात्र तेवढाच नाही. तीन हजार वर्षं एकटा भटकशील, सोबत कुणी नसेल, कुणाशी बोलणंही होणार नाही, असं कृष्ण त्याला सांगतो. फ्रान्सच्या जान कालमां 122 वर्षं जगल्या. नोंदींनुसार त्याहून जास्त कुणीच जगलेलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी 1934 मध्ये गेली, पती 1942 मध्ये आणि एकुलता एक नातू 1963 मध्ये. बाई 1997 पर्यंत होत्या. एका बाबांचं जाणं तुम्हाला इतकं जड जातंय. न संपणाऱ्या आयुष्यात लेकीचं जाणंही तुम्हालाच पाहावं लागेल.

पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय, की आजारपण कळल्यावर बाबांनी नातीला सायकल शिकवली. धाप लागत असताना ते सीट धरून मागे चालत राहिले. मी या वाक्यावर बराच वेळ थांबले. दिवस मोजके आहेत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हटलं नाही. ज्याच्याकडे उद्या संपतच नाहीत, त्याला आजच उठायची निकड कुठून येणार? बाबांचं आयुष्य कमी पडलं, पण त्यातली ती संध्याकाळ त्यांनी नातीला पुरेपूर दिली. आणि तुम्ही? पुढची शंभर वर्षं मिळवायच्या नादात तिचं दहावं वर्ष हातचं घालवताय. कठोर वाटेल, पण नवऱ्याची तक्रार मला खरी वाटते.

लेकीला आजोबांबद्दल विचारा. तिनेही आजोबा गमावलेत आणि बहुधा तुम्हाला त्रास होईल म्हणून ती गप्प आहे. तिच्यासमोर रडू आलं तर येऊ द्या. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. व्यायाम, तपासण्या जरूर करा, पण त्याबद्दलचं वाचन दिवसाउजेडी. एवढं करूनही झोप लागत नसेल किंवा मरणाच्या विचाराने छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. वर्षभर कोंडलेलं दुःख एकटीने उपसायला हवं, असं काही नाही. पहिल्या भेटीला नवऱ्याला सोबत न्या. त्यालाही बरंच बोलायचं असेल.