आधी आपली हद्द ठरव

सांगलीत ऑक्युपेशनल थेरपी (आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार) सुरू करतोयस, मनापासून आनंद झाला! राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आणि आपल्यासारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठीचा २०२१ चा राष्ट्रीय कायदा आधी बघून घे.

मग पेशंटला पहिला प्रश्न हाच विचार: रोजचं कोणतं काम अडलंय? लकवा झालेल्या आजींना पुन्हा भाकरी थापायची असते. खांदा किती उचलतो हे मोजच, पण ध्येय भाकरीचं ठेव. आपलं क्षेत्र तेच.

नवखे हमखास इथे चुकतात:
- संकोचाने सगळ्याला ‘हो’ म्हणतात. निदान, औषधं डॉक्टरांकडेच. मोठी इस्पितळं असलेलं मिरज जवळ आहे, पेशंटला बिनधास्त पाठव.
- अभ्यासक्रमात होतं म्हणून, सराव नसताना स्प्लिंट (हात-बोटांना आधार देणारी पट्टी) एकट्याने बनवतात. आधी अनुभवी माणसाशेजारी बसून शीक.

मुलांच्या सेन्सरी थेरपीचं (स्पर्श, आवाज, हालचाल अशा संवेदनांवरचे उपचार) नंतर बोलू.