इंग्लंडमधल्या काउंटीचा स्थानिक इतिहास शोधायचा आणि नोंदवून ठेवायचा, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीनिमित्त लेस्टरशायरमध्ये आलात, गावातलं चर्च आठशे वर्षांचं आहे म्हणतात, लायब्ररीत काउंटीच्या इतिहासाचे जाडजूड खंड पाहून छाती दडपली, आणि इतिहासाची पदवी नसताना हे जमेल का अशी शंका आहे. जमेल. पदवी माझ्याकडेही नाही. मी अकाउंटंट आहे आणि गेली बारा वर्षं शनिवारी हाच उद्योग करतो. बायको याला ‘लोकांच्या पणजोबांच्या चौकश्या’ म्हणते.

आधी काउंटीचा नाद सोडा. जॉन निकोल्स नावाच्या लंडनच्या मुद्रकाने लेस्टरशायरचा इतिहास १७९५ ते १८१५ अशी वीस वर्षं छापला. मध्ये १८०८ मध्ये त्याच्या छापखान्याला आग लागून माल खाक झाला, तरी गडी थांबला नाही. पुढे १८९९ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नावाने इंग्लंडच्या सगळ्या काउंट्यांचा इतिहास लिहायचा प्रकल्प निघाला, तो आजही चालू आहे. तेव्हा तुम्ही एक गल्ली घ्या. नाहीतर एक घर, एक शेत, एक दारूचा गुत्ता. त्या व्हिक्टोरियाच्या प्रकल्पाचे खंड ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’ या साइटवर बरेचसे फुकट वाचता येतात. आपलं गाव त्यात आहे का पाहायचं (गार्ट्री हंड्रेडमधली, म्हणजे काउंटीच्या एका जुन्या विभागातली, गावं १९६४ च्या पाचव्या खंडात सापडतील) आणि तळटीपांमध्ये कोणकोणती कागदपत्रं दिलीत ती उतरवून घ्यायची. मजकुरापेक्षा तळटीपा जास्त कामाच्या.

आता माझा एकच मंत्र. धंद्याचा परिणाम म्हणा हवं तर. गावाचा कागद गावात नसतो, तो वसुली करणाऱ्याच्या दप्तरात असतो. म्हणून पहिला प्रश्न ‘इथे काय घडलं’ हा नाही, ‘इथून पैसे कोण नेत होतं’ हा आहे. याचं नमुनेदार उदाहरण तुमच्याच काउंटीत आहे. किबवर्थ हारकोर्ट आणि किबवर्थ बीचम ही एकमेकांना चिकटलेली दोन गावं. हारकोर्ट तेराव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या मालकीचं झालं. कॉलेज म्हणजे न मरणारा जमीनदार. त्याला वारस नाहीत, वाटण्या नाहीत, कागद जाळणारी सून नाही. कुळांनी भरलेला खंड, दंड, वारसा-नोंदी, १३४९ च्या महामारीत कोणकोण गेलं, सगळं कॉलेजच्या दप्तरात शतकानुशतकं राहिलं. शेजारच्या बीचमची जहागीर सरदार घराण्यांकडून राजाकडे अशी हात बदलत गेली, तिथले कागद त्या मानाने तुटपुंजे. हारकोर्टच्या शेतकऱ्याचा पत्ता काढायला लेस्टरला नाही, ऑक्सफर्डला जावं लागतं. (२००९ मध्ये किबवर्थच्या लोकांनी आपापल्या परसात पन्नासेक खड्डे खणून मध्ययुगीन खापरं काढली, तेही एक दप्तरच.)

चर्चच्या बाबतीत तेच. लेस्टरशायर एकोणिसाव्या शतकापर्यंत लिंकनच्या बिशपच्या हाताखाली होतं, त्यामुळे बिशपकडे गेलेले कितीतरी कागद लिंकनला आहेत. रटलंड १९७४ मध्ये लेस्टरशायरमध्ये विलीन झालं आणि १९९७ मध्ये पुन्हा वेगळं झालं, पण दोघांचं अभिलेखागार एकच राहिलं. आजचा नकाशा घेऊन बसलात की चुकलात.

मी सुरुवात केली तेव्हा हे अभिलेखागार विग्स्टन मॅग्नामध्ये, एका जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. शाईपेन दारातच काढून घेत, आत फक्त पेन्सिल. वही ठेवायला फोमच्या उतरत्या उशा, पान उघडं राहावं म्हणून कापडात शिवलेली छऱ्यांची लांब माळ. तिला तिथे सगळे ‘साप’ म्हणत. पहिल्या दिवशी माझ्यापुढे आली ती अठराव्या शतकातली गरिबांच्या मदतीची हिशेबवही. त्या काळी प्रत्येक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, आपापल्या गरिबांसाठी पट्टी गोळा करायची आणि खर्च लिहायची. एका विधवेच्या नावावर आधी बूट, मग कोळसा, मग पुन्हा कोळसा, मग ‘तिच्याजवळ बसणाऱ्या बाईस’ काही पेन्स, मग कफन, आणि शेवटी कबर खणणाऱ्याची बिअर. सहा ओळी. बेरीज चुकली होती, दोन पेन्सने.

नावांची एक गंमत आपल्याला पटकन कळते. विग्स्टन मॅग्ना, विग्स्टन पार्व्हा, ॲशबी मॅग्ना, ॲशबी पार्व्हा म्हणजे सरळ बुद्रुक आणि खुर्द. पण बुद्रुक-खुर्द आपल्याकडे शेजारी नांदतात, म्हणून मी गृहीत धरलं की विग्स्टनची जोडीही शेजारीच असणार. पार्व्हा पार काउंटीच्या सीमेवर, रोमन रस्त्याजवळ निघालं, आणि दोन्ही नावांचं मूळही वेगळं मानतात. तुमच्या भोवतालची ओडबी, ब्लेबी, एन्डरबी, ग्रूबी ही ‘बी’ने संपणारी गावं मात्र डेन लोकांची खूण आहे. त्यांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे वस्ती. आणि बीव्हर किल्ल्याचं स्पेलिंग (Belvoir) पाहून फ्रेंच उच्चार करायला जाऊ नका. मी केलाय.

विग्स्टनवरून आठवलं. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९४८ मध्ये लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू केला आणि पुढे या एकाच गावाच्या शेतकऱ्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं, राजेरजवाड्यांना बाजूला ठेवून. त्यांचा आग्रह असा की कागद वाचा, पण बूट घालून शेतातही चाला. लेस्टरशायरच्या कुरणांत हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात जमिनीवर लांबच लांब वरंबे आणि सऱ्या उठून दिसतात. ती मध्ययुगीन नांगराची खूण. अठराव्या शतकात सामायिक शेतं मोडून कुंपणं घातली, पुष्कळ ठिकाणी नांगरटीची गवताळ कुरणं झाली, म्हणून ती खूण गवताखाली जपली गेली.

याच कुंपणांमुळे एक अडचण येते. प्रत्येक मार्गदर्शक पुस्तिका सांगते की १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या दशांश करासाठी झालेले नकाशे बघा. लेस्टरशायरमध्ये ते बऱ्याच गावांचे नाहीतच, कारण कुंपणं घालतानाच चर्चला जमीन देऊन तो कर मिटवला होता. तुम्ही कुंपण-निवाडा (एन्क्लोजर अवॉर्ड) मागा, म्हणजे कुंपणं घालताना कुणाला कोणती जमीन मिळाली त्याचा कागद. त्यानंतरचे ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर आजच्या नकाशावर ठेवून फुकट पाहता येतात. हो, इंग्लंडचेही.

जनगणनेबद्दल थोडक्यात: १८०१ पासून दर दहा वर्षांनी, घरोघरची नावं सर्रास मिळतात ती १८४१ पासून. त्या वर्षी पंधराच्या वरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलीत, म्हणून ३४ वर्षांचा माणूस ३० चा दिसतो. १९३१ ची जळाली, १९४१ ची झालीच नाही, मधल्या खड्ड्यात १९३९ ची नागरिक-नोंद कामी येते.

जुनं अक्षर पाहून हात टेकू नका. सोळाव्या-सतराव्या शतकाचं कारकुनी वळण म्हणजे इंग्रजीची मोडीच. ‘एस’ हा ‘एफ’सारखा, ‘ई’ उलटा, ‘एच’ची शेपटी ओळीखाली. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचा फुकट ऑनलाइन धडा आहे. रोज अर्धा तास दिलात तर दोन महिन्यांत नोंदवह्या वाचता येतात. १७३३ पूर्वीचे मॅनर कोर्टाचे (जहागिरीच्या कचेरीचे) कागद बहुतेक लॅटिनमध्ये आहेत, ते सध्या राहू द्या.

आता नोंदी ठेवण्याचं, कारण इथे मी तोंडावर आपटलोय. एका पॅरिशच्या लग्न-बाप्तिस्म्याच्या नोंदी मी हौसेने एक्सेलमध्ये भरल्या. एक्सेलला १९०० पूर्वीच्या तारखा तारखा म्हणून कळत नाहीत, म्हणून वर्ष, महिना, दिवस वेगळे रकाने केले आणि क्रम लावला. एका जोडप्याचं लग्न एप्रिल १७०१, मुलीचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७०१. आमच्या इतिहास मंडळाच्या बैठकीत मी चहाबरोबर हे प्रकरण मिटक्या मारत सांगितलं. एक ऐंशीच्या घरातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, “कुठला १७०१?” इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. फेब्रुवारी हा १७०१ चा शेवट, म्हणजे लग्नानंतर दहा महिने. मूळ पानावर एप्रिल वर आणि फेब्रुवारी खाली असाच क्रम होता. तो मीच मोडला होता. तेव्हापासून जसं लिहिलंय तसंच उतरवतो, स्पेलिंगच्या चुकांसकट, आणि वर्ष १७०१/०२ असं. कागदाचा क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख आधी, मजकूर नंतर. फोटोची परवानगी घेतलीत तर पहिला फोटो खोक्यावरच्या चिठ्ठीचा काढा.

आणि जुनं म्हणजे फक्त चर्चचं असं नाही. १९७२ मध्ये युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांनी लेस्टरला येऊ नये म्हणून इथल्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. लोक आले, आणि आजचं लेस्टर घडलं. लेस्टर विद्यापीठात ईस्ट मिडलंड्सच्या लोकांच्या तोंडी आठवणींचा संग्रह आहे, त्यात आधी ऐका, मग स्वतः रेकॉर्डर उचला. ऐंशीच्या दशकात इथे आलेल्या एका मराठी डॉक्टरांच्या घरी मला गणपतीच्या वर्गणीची वही मिळाली, मागच्या पानावर हॉलचं भाडं आणि साबुदाण्याचा हिशेब. ती मी अभिलेखागारात देऊ केली तेव्हा त्यांनी सोबतच्या ग्रुप फोटोतली नावं विचारली. अकरा माणसं होती. डॉक्टरांना चार आठवली. बाकीची ज्यांना ठाऊक होती त्या वहिनी दोन वर्षांपूर्वीच वारल्या होत्या.