चाळीस अर्ज, उत्तर नाही: पोस्टडॉक शोधताना

"मॅडम, चाळीसेक अर्ज केले. नकारही मोजकेच आले, बाकी काहीच नाही. माझं गणितच कमी पडतंय का?"

पुण्यात आंशिक विकलक समीकरणांवर पीएचडी करणाऱ्या आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा) शोधणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न. थीसिस जमा करायच्या बेतात असलेली मुलं तो हमखास विचारतात. उत्तर बहुधा गणितात नसतं, म्हणून तिला आधी अर्जांची यादी तारखांसह आणायला सांगितली.

निम्मा उलगडा तिथेच झाला. बहुतेक अर्ज मार्च-एप्रिलमधले. अमेरिकेतल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या जागा 'मॅथजॉब्स' या गणितातल्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आदल्या वर्षीच्या शरदातच लागतात. बऱ्याचशा मुदती नोव्हेंबर-डिसेंबरात संपतात, जानेवारी-फेब्रुवारीत ऑफर जातात. मार्चनंतर उरतात त्या एखाद्या प्रकल्पाच्या पैशावरच्या सुट्या जागा. युरोपातल्या मारी क्युरी फेलोशिपची मुदत सहसा सप्टेंबरात असते आणि प्रस्ताव यजमान संशोधकासोबतच लिहायचा असतो. त्यामुळे त्या संशोधकाला मे-जूनपर्यंत लिहायला हवं.

खरी गळती मात्र शिफारसपत्रांत होती. तिन्ही नावं एकाच विभागातली, त्यातलं एक पत्र अनेक ठिकाणी पोचलंच नव्हतं. मॅथजॉब्सवर पत्र वाचता येत नाही, पण आलं की नाही ते दिसतं. तिने ते पाहिलंच नव्हतं. पत्रं अपुरी असली की अर्ज सहज बाजूला पडतो. एक तरी पत्र बाहेरच्या, आपला पेपर वाचलेल्या माणसाचं हवं. त्यासाठी प्रीप्रिंट, म्हणजे पेपरची छापून येण्याआधीची प्रत, आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावर टाकावा (जर्नलचा निकाल यायला वर्षही लागतं, तोवर थांबू नये) आणि पाच-सहा ओळींची मेल लिहावी: आपलं एक प्रमेय, त्यांच्या कोणत्या निष्कर्षाशी त्याचं नातं, एक नेमका प्रश्न. 'आदरणीय महोदय, आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन' छापाच्या मेल कुणी वाचत नाही. थोडी चर्चा झाली की पत्र मागावं, मुदतीच्या सहा आठवडे तरी आधी. अमेरिकेतल्या अनेक पोस्टडॉकना शिकवावंही लागतं, तिथे चौथं पत्र अध्यापनाबद्दलचं मागतात. ट्युटोरियल घेत असाल तर एखाद्या प्राध्यापकांना तासाला बसायला बोलवा.

तिचं रिसर्च स्टेटमेंट (आपलं संशोधन आणि पुढची दिशा सांगणारं टिपण) म्हणजे थीसिसचा सारांश होता. मुख्य प्रमेय तिसऱ्या पानावर! ते पहिल्या पानावर आणायला लावलं, आणि पुढे दोन प्रश्न लिहायला सांगितले: एक वर्षभरात सुटण्याजोगा, एक लांब पल्ल्याचा.

भारतातल्या जागा तिने यादीत घेतल्याच नव्हत्या. तिच्या विषयाला तर टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्था) बंगळुरूचं सेंटर फॉर ॲप्लिकेबल मॅथमॅटिक्स अगदी जवळचं. शिवाय एनबीएचएमची (नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथमॅटिक्स) पोस्टडॉक फेलोशिप आहे आणि एएनआरएफ या केंद्र सरकारच्या संशोधन-निधी संस्थेची नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप (पूर्वी 'सर्ब' या संस्थेची). या शेवटच्या फेलोशिपलाही मेंटॉरची, म्हणजे यजमान संशोधकाची, संमती आधी लागते.

राहता राहिली थीसिसची तारीख. आपल्याकडे थीसिस जमा केल्यावर व्हायव्हा (तोंडी परीक्षा) व्हायला महिने जातात. अर्जात अपेक्षित महिना लिहावा आणि गाइडच्या पत्रातही तोच असल्याची खात्री करून घ्यावी. दोन्हीकडे वेगळे महिने दिसले, तर समितीला उमेदवार वेळेत रुजू होईल याची शंका येते.