नुसत्या अंगठ्या मोजू नकोस
अरे, अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत भारी क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) कोण आणि ड्रीम मॅच कोणती, हे विचारतोयस ना, तर नुसत्या अंगठ्या, म्हणजे सुपर बोल ही सीझनची फायनल जिंकल्यावर मिळतात त्या, मोजून वाद घालायला जाऊ नकोस. टॉम ब्रेडीच्या ७ आहेत, मान्य, पण मग डॉल्फिन्सच्या डॅन मरिनोचं काय करणार, १९८४ च्या सीझनला ४८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) टाकले त्याने आणि सुपर बोल एकदाही नाही जिंकला. आधी जो मोंटानाची जानेवारी १९८९ च्या सुपर बोलमधली ती शेवटची ड्राइव्ह (बॉल पुढे नेत केलेली चढाई) बघ, ९२ यार्ड, आणि ३४ सेकंद उरलेले असताना एंड झोनमध्ये (जिथे बॉल पोचला की टचडाउन) त्याच्याच टीममधल्या टेलरच्या हातात बॉल, मी अजून श्वास रोखून बघतो. आणि ड्रीम मॅच, म्हणजे मनातल्या मनात लावायची मॅच, निवडताना दोन मोठी नावं जोडू नको, हिशोब बाकी असलेल्या टीम्स शोध. माझी ठरलेलीये, १९८५ चे बेअर्स आणि डॉल्फिन्स, कारण त्या सीझनला बेअर्सला हरवलं फक्त डॉल्फिन्सनी, ३८-२४, पण पुढे डॉल्फिन्स स्वतःच पेट्रियट्सकडून हरले आणि ही फायनल राहूनच गेली.